साबियाचा जबाब

सिरोंच्याच्या अठरा मुली चाकणच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या तो दिवस साधनाला नीट आठवतो, कारण त्या दिवशी चारचौघांत तिची फजिती झाली होती.

साधना त्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. गाड्यांच्या सीटखाली जे लोखंडी भाग बसतात ते तिथं तयार व्हायचे. ती चिंचवडगावातली. वडील टर्नर होते, त्यामुळे यंत्रांच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. नव्या कामगारांना दोन दिवस शिकवायचं काम तिच्याकडे असे. त्या सकाळी ती खोलीत शिरली तेव्हा मुली मांडीवर पिशव्या धरून ताठ बसल्या होत्या आणि आपसांत हळू आवाजात तेलुगूत बोलत होत्या. कागदावर जिल्हा गडचिरोली असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण कानावर तेलुगू पडली आणि साधनाची जीभ आपोआप हिंदीकडे वळली. "देखो, ये जो लाल बटन है," असं म्हणत तिनं सुरुवात केली. दहा मिनिटं झाली असतील, तोच तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, सावळी, डोक्यावरून ओढणी घेतलेली.

"मॅडम, आपण मराठीत सांगितले तरी चालेल," ती म्हणाली. "आम्ही सर्व जणी मराठी माध्यमात शिकलेल्या आहोत."

साधनाला कानाची पाळी गरम झाल्यासारखं वाटलं. "हो का? मग बरंच झालं," असं म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलं. दिवस संपल्यावर तिनं हजेरीपटावर त्या मुलीचं नाव शोधलं. साबिया नूरमोहम्मद शेख, वय चोवीस, बारावी विज्ञान.

साबियाला प्रेस क्रमांक सात मिळाला. लोखंडाची पट्टी आत ठेवायची, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरचा जड ठोकळा खाली येतो, पट्टीला आकार देतो आणि वर जाऊन थांबतो. पलीकडच्या बाजूनं दुसरी मुलगी तयार तुकडा काढून घेते. मग पुढची पट्टी. आठ तासांत दीड-दोन हजार ठोके.

त्या लाइनचा सुपरवायझर होता रविराज. मोशीचा. घरची शेती होती, तिथं आता सोसायट्या उभ्या आहेत. माणूस कामाला वाघ, पण तोंडाचा फटकळ. साबियाची मराठी ऐकून त्याला पहिल्या आठवड्यातच हसू फुटलं. तिच्या बोलण्यात 'केलं', 'झालं' यायचंच नाही. ती 'केले', 'झाले', 'सांगितले' असं म्हणायची. ती बोलायला लागली की रविराज म्हणायचा, "गप बसा रे, बातम्या लागल्या." लाइनवरचे लातूरचे, बीडचे, खेडचे, सगळे हसायचे. साबियाही ओठ मिटून थोडं हसायची आणि पट्टी उचलायची.

एकदा कँटीनमध्ये साधना मुद्दाम तिच्यासमोर जाऊन बसली. ताटातल्या पोळ्या बाजूला सारून साबिया भातावर आमटी ओतत होती.

"तू अशी पुस्तकातल्यासारखी का बोलतेस गं?" साधनानं विचारलं. विचारल्यावर तिला वाटलं, प्रश्न जरा आगाऊच झाला.

साबियाला राग आला नाही. "कारण मला ती पुस्तकातच भेटली, मॅडम," ती म्हणाली. "घरात आम्ही उर्दू बोलतो. बाजारात, मैत्रिणींत तेलुगू. मराठी शाळेत होती आणि तहसील कार्यालयात. शाळेतले गुरुजी धड्यात जसे लिहिले आहे तसेच बोलायचे. आम्हाला वाटायचे, महाराष्ट्रात सगळीकडे असेच बोलत असतील. इथे येऊन समजले की असे कोणीच बोलत नाही."

साधना हसली, पण नंतर जेवण संपेपर्यंत तिला ते वाक्य टोचत राहिलं. 'महाराष्ट्रात' असं ती पोरगी म्हणाली होती. म्हणजे तिचं स्वतःचं गाव तिच्या लेखी कुठं होतं?

एप्रिलच्या एका मंगळवारी, पहिल्या शिफ्टला, साडेनऊच्या सुमाराला अख्खी लाइन थांबली. एवढा मोठा आवाज एकाएकी बंद झाला की शेडमध्ये माणसं दचकून माना वर करतात. साधना ऑफिसातून धावतच आली. प्रेस सातपाशी घोळका जमला होता. लाल बटण दाबलेलं होतं. साबिया प्रेसकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभी होती. तिच्या पलीकडे तिची जोडीदारीण हात छातीशी धरून भिंतीला टेकली होती. समोर रविराज होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती.

"मॅडम, तुमीच इचारा हिला," तो म्हणाला. चिडला की त्याची ऑफिसातली भाषा गळून पडायची. "कुणाला न इचारता लाइन बंद केली. वर इथनं हलत न्हाई. मशीन दम घेतंय म्हणती. मशीनला काय दमा हाय व्हय?"

कुणीतरी फिसकन हसलं. साधनानं हातानंच गप केलं.

"साबिया, काय झालं ते मला सांग. सावकाश सांग."

"मॅडम, हे मशीन वर गेले की लगेच थांबायला पाहिजे. ते थांबत नाही. थोडा दम घेते. आणि दम घेतला की मग पुढच्या चार-पाच ठोक्यांत एकदा आपल्या मनाने खाली येते. बटण न दाबता. मी सरांना मागच्या आठवड्यात तीन वेळा सांगितले. आज मशीन तसे खाली आले तेव्हा माझ्या मैत्रिणीचा हात आत होता. तिने वेळेत काढला. पुढच्या वेळी निघणार नाही."

"बटण न दाबता खाली येतं?" रविराज म्हणाला. "अशक्य. सेन्सर हायेत, दोन-दोन बटणं हायेत. हिचाच हात लागला असणार."

"मग चालवून बघू," साधना म्हणाली.

सगळ्यांना दहा पावलं मागं घेतलं. पट्टी न ठेवता, आत कुणाचाही हात नसताना प्रेस चालू केला. रविराजनं स्वतः बटणं दाबली. ठोकळा खाली आला, वर गेला, थांबला. परत दाबली. पुन्हा सगळं व्यवस्थित. सात वेळा झालं. रविराजनं मान वळवून साधनाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर 'आता काय म्हणता' असं लिहिलेलं होतं. आठव्या ठोक्याला साबिया हलकेच म्हणाली, "आता घेतला."

साधनाला काहीही वेगळं दिसलं नव्हतं. पुढचे तीन ठोके नीट गेले. अकराव्या ठोक्यानंतर रविराजनं हात खाली घेतले आणि घाम पुसायला रुमाल काढला. त्याच वेळी, कुणीही काही न दाबता, त्या दीडशे टनी प्रेसचा ठोकळा धाडकन खाली आला.

रविराज आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. आदल्याच दिवशी अडकलेला पत्रा काढायला त्यानं तो हात कोपरापर्यंत त्या प्रेसमध्ये घातला होता. लाइनवरच्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

मेंटेनन्सवाल्यांनी प्रेस उघडला तेव्हा हवेचा एक व्हॉल्व्ह आतून चिकटत असल्याचं निघालं. वर गेल्यावर तो अर्धा क्षण अडखळायचा. दम घेणं म्हणजे तेच होतं. याहून नेमका शब्द त्या बिघाडाला साधनालाही सुचला नसता, आणि ती चौदा वर्षं हेच काम करत होती.

दुसऱ्या दिवशी प्लांट हेडच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. प्लांट हेडना सगळे अण्णासाहेब म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, स्वभावानं मऊ, पण कागदाला भिणारे. पुढच्याच आठवड्यात ज्या कंपनीला माल जायचा तिथली माणसं तपासणीला येणार होती. टेबलावर एक टाइप केलेला कागद तयार होता. साबियाचा जबाब. ऑफिसातून कुणीतरी छान, गुळगुळीत मराठीत लिहिला होता.

"वाच आणि सही कर, बेटा," अण्णासाहेब म्हणाले. "तुझं कौतुकच केलंय त्यात."

साबियानं कागद वाचला. दोनदा वाचला. रविराज खिडकीपाशी उभा होता, साधना दारापाशी. जबाबात लिहिलं होतं की मशीनमधून वेगळा आवाज आल्यानं सदर कामगारानं तत्काळ सुपरवायझरना कळवलं आणि त्यांच्या सूचनेवरून लाइन थांबवली.

साबियानं पेन टेबलावर ठेवलं. "हे मी म्हटलेले नाही."

"अगं, अर्थ तोच आहे," अण्णासाहेब म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं की मुलीला कळलं नाही. ते हिंदीत समजवायला लागले. "देखो बेटा, मराठी थोडा कठिन है, समझ में नहीं आया होगा…"

"मला मराठी समजते, सर," साबिया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "समजते म्हणूनच सही करत नाही."

साधनानं या केबिनमध्ये आजवर अनेक कागद सही होताना पाहिले होते. काहींवर तिची स्वतःचीही सही होती. कोरा कागद मागणारं मात्र तिनं कुणी पाहिलं नव्हतं. साबियानं तो मागितला.

खुर्चीच्या कडेवर बसून ती वीस मिनिटं लिहीत होती. अक्षर वळणदार, एकही खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर तिनं कागद अण्णासाहेबांना दिला नाही, साधनाकडे दिला. "मॅडम, मोठ्याने वाचाल?"

साधनानं वाचलं.

"मी साबिया नूरमोहम्मद शेख, राहणार सिरोंचा. प्रेस क्रमांक सात हे मशीन वर गेल्यावर दम घेते आणि मग कधी कधी आपल्या मनाने खाली येते. हे मी रविराज सरांना तीन वेळा सांगितले. ते हसले. माझे शब्द त्यांना समजले नसतील. समजले नाहीत तर त्यांनी परत विचारायला पाहिजे होते. मी पण नुसती सांगत राहिले, हाताला धरून दाखवले नाही. ती माझी चूक आहे. मंगळवारी मी कोणाला न विचारता लाल बटण दाबले. पहिल्या दिवशी साधना मॅडमनी शिकवले होते की धोका दिसला तर कोणाला विचारायचे नाही. नंतर रविराज सरांनी सगळ्यांसमोर स्वतः मशीन चालवून बघितले. ते नाही म्हणू शकले असते. त्यांनी बघितले म्हणून खरे काय ते समजले. इतकेच मला सांगायचे आहे."

अण्णासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे असं फाइलला लागलं तर रविराजला नोटीस काढावी लागेल," ते म्हणाले. "आणि तपासणीला आलेले लोक पहिलं हेच वाचतील."

रविराज खिडकीपासून टेबलापाशी आला. त्यानं साधनाच्या हातून कागद घेतला, स्वतः एकदा मनात वाचला.

"खरं हाय," तो म्हणाला. "तीन डाव सांगितलं हुतं. मला वाटलं, बाहेरची पोरगी, काय कळतंय हिला. काढा नोटीस." मग वाकून त्यानं साबियाच्या सहीच्या खाली आपली सही केली.

साधनाला त्या दोघांकडे बघताना लाज वाटली आणि अभिमानही वाटला, आणि यातलं जास्त काय ते तिला सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं हिंदी झाडून पुढं जे शिकवलं, त्यातलं एक वाक्य या मुलीनं अक्षरशः खरं मानलं होतं. शिकवणारीनंही ते इतक्या सरळ मनानं कधी मानलं नव्हतं.

नोटीस निघाली. रविराजची नोकरी वाचली, पण लेखी समज मिळाली. तपासणीला आलेल्या बाईंनी तो जबाब वाचला आणि प्रत मागून घेतली. कारखान्यावर ठपका आला नाही, उलट प्रत्येक प्रेसपाशी एक वही टांगायची असं ठरलं. चालवणाऱ्यानं स्वतः, त्याला येईल त्या भाषेत लिहायचं. पहिल्या आठवड्यात वहीत तेलुगू, हिंदी, उडिया, आणि बीडकडची मराठी असं सगळं आलं. रविराज रोज सकाळी त्या वह्या घेऊन एकेकाला विचारत फिरू लागला. वेळ जायचा, तो कुरकुरायचाही, पण विचारायचा.

एका शुक्रवारी साबिया साधनाकडे आली. चेहरा उतरलेला. "अब्बा येत आहेत, मॅडम. मशीनची गोष्ट त्यांना समजली. मला घेऊन जातो म्हणाले."

मुली मोशीत एका इमारतीत तीन फ्लॅट घेऊन राहायच्या. रविवारी सकाळी साधना तिथं गेली तेव्हा जिन्यातच रविराज भेटला. हातात अंबाडीच्या चार जुड्या. "भात-अंबाडी लई खात्यात म्हणं ह्या पोरी," तो जरा ओशाळून म्हणाला. "आमच्या उरल्यासुरल्या बांधावर येती अजून. आईनं दिली."

नूरमोहम्मद सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. साठीचे, पांढरी दाढी, हाताच्या रेघांत ग्रीस मुरलेलं. सिरोंच्यात त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याआधी, पूल नव्हते तेव्हा, ते प्राणहिता नदीवर नाव चालवायचे. साधनानं सवयीनं हिंदीत सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला.

"मराठीत बोला, मॅडम. पुण्यापर्यंत आलो, आता मराठीतच बोलतो. तेवढ्यासाठी दोन दिवस प्रवास केला." ते हसले. "घरून निघालो, पूल ओलांडून तेलंगणात गेलो. मंचेरियालला गाडी पकडली, सिकंदराबादला बदलली. आपल्याच राज्यात यायला दुसऱ्या राज्यातून यावे लागते. आमच्या जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर, तिथला साहेब म्हणतो, तुम्ही तेलंगणावाले. पूल ओलांडला की तिथला दुकानदार म्हणतो, महाराष्ट्रवाला आला. काल इथे खाली रिक्षावाल्याने विचारले, कुठून आलात? म्हटले, महाराष्ट्रातून. तो म्हणाला, काका, हेच महाराष्ट्र."

रविराज खळखळून हसला, मग त्यानं हातातल्या जुड्या खाली ठेवल्या. "चाचा, ज्यो सुपरवायझर हसला हुता, त्यो मीच," तो म्हणाला.

नूरमोहम्मदांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "साबियाने फोनवर सांगितले होते. तुम्ही सही केली हेही सांगितले. तुमचे बोलणेही शाळेतल्या गुरुजींसारखे नाही."

"न्हाई," रविराज म्हणाला. "मी पुण्यात कॉलेजला गेलो तवा मलाबी लई हसायचे. 'व्हय' म्हणलं की वर्ग हसायचा. मी तीन वर्षं तोंड शिवून बसलो. ही न्हाई बसली."

साबिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. साधनानं पर्समधून जबाबाची प्रत काढली आणि नूरमोहम्मदांसमोर ठेवली. ते चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले होते. कागद डोळ्यांपासून लांब धरून, ओठ हलवत, एकेक शब्द जोडत त्यांनी वाचायला घेतलं. पंधरा ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला. एका ठिकाणी ते थांबले आणि बोट ठेवून पोरीला उर्दूत काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली.

"काय विचारलं त्यांनी?" साधना हळूच म्हणाली.

"'ती माझी चूक आहे', हे कोणी लिहायला सांगितले का, असे विचारले. मी म्हटले, कोणी नाही."

नूरमोहम्मदांनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "नदीवर नाव असते," ते म्हणाले, "तेव्हा नाववाल्याला पाण्याचा आवाज बदललेला आधी समजतो. आत बसलेला कलेक्टर असला तरी त्याला नाही समजत. नाववाल्याने तेव्हा तोंड उघडले पाहिजे. मी हिला हे कधी सांगितले नव्हते. मॅडम, माझी पोरगी इथे राहील की येईल?"

"हे तिलाच विचारा," साधना म्हणाली.

त्यांनी विचारलं. उर्दूत नाही, मराठीत. साबियानं ओढणी सारखी केली. "राहते, अब्बा," ती म्हणाली. "सेफ्टी कमिटीत कामगारांचा एक माणूस निवडायचा आहे. लाइनवरच्यांनी माझे नाव दिले आहे. पुढच्या सोमवारी मतदान आहे."

"निवडून येशील?"

"लातूरवाले आणि खेडवाले देतील. बीडवाल्यांचे अजून समजत नाही."

"बीडवाल्यांचं माझ्याकडं," रविराज म्हणाला.

जेवायला सगळे खालीच बसले. अंबाडीची भाजी मुलींनी त्यांच्या पद्धतीनं केली होती, लाल मिरचीची फोडणी देऊन, झणझणीत आंबट. पहिल्या घासाला रविराजच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतली. नूरमोहम्मद साधनाला नदीबद्दल सांगत होते. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा माणूस बाई की बाप्या ते कळत नाही एवढं पाणी, आणि पलीकडून हाक आली तर नाव सोडताना ती कुठल्या भाषेत आली हे कुणी बघत नसे. साधना ऐकता ऐकता खायची थांबली होती. चाळीस वर्षं तिनं नकाशावर आपलं राज्य पाहिलं होतं, आणि त्याच्या उजव्या टोकाला माणसं राहतात हे तिला आज त्या माणसांच्या तोंडून कळत होतं.

"दिवाळीच्या सुट्टीत या आमच्याकडे," साबिया तिच्या ताटात भात वाढत म्हणाली. "सिकंदराबादहून यायचे. मी तिकीट कसे काढायचे ते लिहून देते."

"येते," साधना म्हणाली. "पण मला तेलुगूतली चार वाक्यं शिकवावी लागतील."

"चार पुरणार नाहीत, मॅडम," साबिया म्हणाली, आणि लगेच पहिलं शिकवायला बसली.